आवणीच्या आत

पाऊस लागला. भीमाशंकरच्या पायथ्याला भाताची आवणी सुरू व्हायच्या आत डोंगरावर जंगलाची रोपं मातीत गेली पाहिजेत. खाचरात चिखल झाला की माझ्या टोळीतलं कुणी डोंगराकडे फिरकणार नाही, फिरकूही नये. लागवडीच्या कागदावरच्या आराखड्यात हे बसत नाही, तिथे जुलै म्हणजे सगळा जुलै.

सकाळभर घाणेरी काढली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून कोलकात्यात आणलेलं हे अमेरिकेतलं झुडूप. कोयत्याने छाटलं की दुप्पट जोमाने फुटतं. म्हणून खोड आणि मूळ जुळतात त्याच्या खाली कुदळ घालून तोडायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं. नवी पोरं कंटाळतात. बुलबुल फळं खाऊन पुन्हा बी टाकणार, तेव्हा पुढची काही वर्षं पाखरं बसतात त्या झाडांखालची रोपटी उपटत राहायचं आहे, हे सांगितलं की आणखीच.

दुपारी हिरडा लावायला घेतला, तर टोळीतल्या मावशी म्हणाल्या, "ताई, हितं पाणी साचतं. हितं जांभूळ लावा, हिरडा वर न्या." बाळहिरडा वेचत वाढलेल्या बाईशी वाद कसला घालायचा? नेला वर.

उद्या करवंद आणि गेळा. काटेरी जाळीच्या आडोशाला हिरड्याचं पोर गुरांच्या तोंडातून वाचतं, हेही मावशींचंच. झाडांच्या मोजणीत करवंद धरत नाहीत म्हणे. मी धरणार आहे.