मेणांत राहिलेला चेहरा

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ममी पाहावयास लोटणारी गर्दी बहुधा फारोंच्या काळच्या शवपेट्यांपुढेंच थांबते. आम्हीही तेथेंच थांबलों असतों. परंतु आमच्यासमवेत आमच्या वृद्ध काकू होत्या, आणि पाय दुखूं लागल्यामुळें त्या पुढें जाऊन एका बाकावर टेकल्या होत्या. थोड्या वेळानें त्यांनीं हांक मारली, "अरे, हा मुलगा कोण?"

समोर कांचेआड तांबड्या रंगाची, सोनेरी चित्रांनीं मढविलेली एक ममी होती. तोंडाच्या जागीं लांकडाची पातळ फळी बसविलेली, आणि तिच्यावर रंगविलेला विशीच्या आंतबाहेरचा एक तरुण आमच्याकडे पाहत होता. ग्रीक अक्षरांत त्याचें नांव आहे: आर्टेमिडोरस. पुढें निरोपाचा एक शब्द आहे, पण लिहिणाऱ्यानें तो अशुद्ध लिहिला आहे!

ईजिप्तांतील फायूम प्रांतीं हवारा येथें १८८८ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांस ही ममी सांपडली. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभींचा. त्या वेळीं तेथें राज्य रोमचें, आणि प्रतिष्ठित घराण्यांची भाषा ग्रीक; मृत्यूनंतरचा विधि मात्र ईजिप्तचाच. म्हणून मुलाच्या अंगावर रोमन पद्धतीचीं वस्त्रें, नांव ग्रीक, आणि छातीखालीं शवाची व्यवस्था पाहणारा कोल्हेमुखी अनुबिस देव!

अशीं चित्रें जगांत आज सुमारें हजार आहेत. बहुतेकांची फळी लिंडेन नांवाच्या झाडाची. तें झाड ईजिप्तांत होत नाहीं, लांकूड समुद्रापलीकडून येई. फळी इतकी पातळ करीत कीं ती चेहऱ्यावर किंचित् वाकवून पट्ट्यांत बसवितां यावी. मधमाशांच्या मेणांत रंग कालवून चित्र काढीत. वस्त्र आणि पार्श्वभूमि यांवर कुंचला फिरे. परंतु गाल, नाक, कपाळ यांचा मांसलपणा आणावयास मेण घट्ट होण्यापूर्वीं कठीण हत्यारानें ओढावें लागे. तिरप्या उजेडांत पाहिलें तर त्या हत्याराचे ओरखडे अद्याप दिसतात. कुरळ्या केसांच्या बटाही कित्येकदां अशाच कोरून काढलेल्या असतात. शेवटीं सोन्याचा वर्ख. या मुलाच्या डोक्यावरची पानांची माळ त्याचीच आहे. तैलरंगांचा प्रसार होण्याच्या किती तरी शतकें आधीं हें काम झालें, ही गोष्ट आम्हांस तेथें उभें राहूनही खरी वाटेना.

यूरोपास या चित्रांची पहिली ओळख पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानें १६१५ सालीं करून दिली. हाच गृहस्थ पुढें १६२३ मध्यें सुरतेस उतरला आणि गोंव्यासही गेला, म्हणून त्याचा येथें मुद्दाम उल्लेख केला. पुढें व्यापाऱ्यांचा सुळसुळाट झाला. फळी हलकी व विकाऊ, म्हणून चेहरे काढून घेतले आणि देह टाकून दिले. आज बहुतेक चित्रें नुसतीं भिंतींवर टांगलेलीं आहेत. आर्टेमिडोरसचा चेहरा त्याच्या देहापाशीं राहिला, हें त्याचें भाग्य. क्ष-किरणांच्या तपासणींत देहाचें वयही चित्राशीं जुळलें. कवटीस मात्र न भरलेली इजा आढळली.

पेट्रींचा असा तर्क होता कीं अशा ममी पुरण्यापूर्वीं कांहीं वर्षें घरांतच उभ्या करून ठेवीत असावेत. आम्हीं हें काकूंस सांगितलें. आम्हांस वाटलें, त्या विटाळाचें कांहीं बोलतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आजीचा एकही फोटो घरांत नाहीं. त्यांचा चेहरा आतां मला एकटीलाच आठवतो."

आम्हीं विषय बदलण्याकरितां दुसरी हकीकत काढली. या मुलाबरोबर तशाच तांबड्या वेष्टनाच्या आणखी दोन ममी सांपडल्या; तिघें एकाच कुटुंबांतील असावींत. दुसऱ्या पुरुषाचेंही नांव आर्टेमिडोरस, तो मँचेस्टरास गेला. थर्मूथारिन नांवाची स्त्री कैरोस राहिली.

"मँचेस्टर येथून किती लांब?" काकूंनीं विचारलें.

"आगगाडीनें दोन-सव्वादोन तास."

"अगबाई!" काकू उठतां उठतां म्हणाल्या, "एवढ्या जवळ असून भेट नाहीं!"