कड आणि कापड

मूल उचलून घेण्याचे निरनिराळे प्रकार मराठी भाषेने किती बारकाईने टिपून ठेवले आहेत! तान्हे बाळ छातीशी धरायचे, मान सावरू लागले की खांद्यावर घ्यायचे, बसू लागले की कडेवर, आणि चालून दमले की पाठुंगळीला. यांपैकी कडेवर घेणे हा प्रकार आम्हांला नेहमीच विशेष वाटत आला आहे. बाईच्या कमरेचा जो उंचवटा, त्यालाच भाषेने बाळाच्या आसनाचा मान दिला. मूल तेथे दोन्ही पाय फाकून, आईच्या अंगाला विळखा घालून बसते आणि आई एका हाताने त्याला सावरून दुसऱ्या हाताने घागर उचलते, दाराची कडी काढते, चुलीवरचे झाकण सरकवते. म्हणजे सारे काम एका हाताने. दुसरा हात बाळाकडे गहाण पडलेला असतो. तो सोडवून घेण्यासाठी जगभरच्या बायकांनी कापडाचा आश्रय केला.

आमचे बालपण वसईच्या वाडीत गेले. तेथे हातांना तोटा नव्हता. आजी, काकू, आत्या, शेजारची थोरली मुलगी, असे एकच बाळ दिवसभर या कडेवरून त्या कडेवर फिरत असे. बागेत काम निघाले की जुन्या लुगड्याची झोळी आंब्याच्या फांदीला बांधली जाई आणि येणारा-जाणारा तिला एक झोका देऊन पुढे जाई. पुढे नोकरीमुळे आम्ही वाशीला आलो. खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली झाला होता. लोकल गाडी मात्र मानखुर्दवरून पुढे वाशीपर्यंत यायला १९९२ चा मे महिना उजाडावा लागला. पुलावरून आणि रुळांवरून माणसे आली ती वसईची, गिरगावची, कोकणातली, मंगळुरूची, केरळची. सर्वांनी संसार आणला, भांडीकुंडी आणली, देव्हारे आणि क्रूस आणले. आजी-आत्यांचे हात मात्र बहुतेकांचे गावीच राहिले.

सदनिकेचे दार बंद झाले की आत एक आई आणि एक बाळ एवढेच उरतात. त्यातही संध्याकाळची वेळ फार कठीण. बाळ किरकिरते, कुकर लावायचा असतो, कपडे गोळा करायचे असतात आणि घरधनी अजून हार्बर लाईनवर लोंबकळत असतो. आमच्या घरी नातू आला तेव्हा सुनेची हीच अवस्था होती. आम्ही दोघे मदतीला होतो खरे. परंतु आमचे गुडघे असे की बाळाला घेऊन बसणे जमे, घेऊन फिरणे जमत नसे. आणि त्या बाळाला तर फिरणेच हवे होते.

सुनेने एक हातमागाचे कापड मागविले. साडेचार मीटर लांब, हाताला जाड, तरी मऊ. किंमत ऐकून आमच्या मंडळींनी एकदा कपाळाला हात लावला. तेवढ्यात सोलापुरी चादरींची एक चळत आली असती. पण कापड उलगडून पाहिले तेव्हा विणकराची बुद्धी लक्षात आली. साडीची साधी वीण उभी-आडवी सरळ असते; वजन पडले की पदराची दोरी होते आणि ती खांद्यात रुतते. या कापडाची वीण तिरकी होती. लांबी-रुंदीच्या बाजूने ते ढिले पडत नव्हते, कोनातून ओढले तर मात्र किंचित सैलावत होते. त्यामुळे बाळाच्या पाठीचा बाक त्यात सामावतो आणि भार दोन्ही खांद्यांवर, पाठीवर व कमरेवर वाटला जातो. लांबीचा हिशेब आम्हीच सुनेला सांगितला, आणि ती हसली: नऊवारीचा जवळजवळ अर्धा भाग.

बातमी इमारतीत पसरली. मिस्सानंतर चर्चच्या अंगणात दोन आक्षेप आमच्या कानी आले. पहिला, मुलाचे पाय फाकतील आणि ते जन्मभर वाकडे चालेल. दुसरा, अंगाची सवय लागेल आणि मग ते खाली उतरणार नाही. बोलणाऱ्या बायकांनी चार-चार मुले वाढविलेली होती; तेव्हा त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

पायांचा प्रश्न मोठा म्हणून आधी तो पाहू. नवजात बाळाच्या खुब्याची वाटी पुरती हाडाची झालेली नसते, बरीचशी कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचे गोल टोक तिच्यात नीट बसलेले असेल तरच ती वाटी खोल व गोल घडते. पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, असे बाळ बसले की ते टोक वाटीत बरोबर राहते. उलट दोन्ही पाय सरळ ताणून, बाळंत्यात घट्ट आवळून ठेवले तर ते निसटण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय ताणून गुंडाळण्याच्या प्रथेविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि त्यानंतर तेथे खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण ठळकपणे उतरले. म्हणजे ज्या फाकलेल्या पायांची भीती, तेच पाय बाळाच्या हिताचे आहेत. आणि कडेवर बसलेले मूल दुसरे काय करीत असते? आक्षेप घेणाऱ्या त्या माउल्यांनी आपली चारही मुले याच आसनात वाढविली होती; फक्त तेव्हा मध्ये कापड नव्हते, त्यांचा स्वतःचा हात होता.

सवयीबद्दल म्हणावे तर, कॅनडातील माँट्रियल येथे १९८६ साली दोन डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मातांना त्यांनी रोज नेहमीपेक्षा अधिक वेळ, बाळ रडत नसतानाही, त्याला अंगावर बाळगण्यास सांगितले. सहा आठवड्यांच्या वयाला ही बाळे इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. संध्याकाळी तर निम्म्याहून कमी. पोटशूळाने आधीच हैराण असलेल्या बाळांना मात्र या उपायाचा फारसा गुण येत नाही, असे त्यांच्यापैकीच एकाने पुढे दाखविले. तेव्हा कापड म्हणजे रामबाण नव्हे.

हे सारे परदेशी खूळ आहे, असाही एक सूर निघाला. इटलीतल्या पादुआ शहराचे नाव आपल्या घराघरांत संत अंतोनीमुळे ठाऊक आहे. त्याच शहरात स्क्रोव्हेन्यी घराण्याचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे आणि त्याच्या भिंती जिओत्तो या चित्रकाराने १३०५ च्या आसपास रंगविल्या. त्यांत पवित्र कुटुंबाच्या मिसरला पलायनाचे एक चित्र आहे. मरिया गाढवावर ताठ बसली आहे, नजर समोर, आणि बाळ येशू तिच्या गळ्यातून घेतलेल्या कापडाच्या आधाराने पुढे बसला आहे. रात्रीतून देश सोडून निघालेल्या आईचे दोन्ही हात बाळात अडकून चालणार नाहीत, एवढा संसारी विचार त्या चित्रकाराला सुचला होता.

आजच्या बाजारातले कापड कोठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. अॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका सेवाकार्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात गेली होती. तेथील बायका बाळे पाठीला बांधून कामे करतात आणि बाळे शांत असतात, हे तिने पाहिले. घरी परतल्यावर तिने आपल्या मुलीसाठी तसे साधन बनवून घेतले आणि १९६९ मध्ये 'स्नगली' या नावाने त्याचे पेटंट मिळविले. जर्मनीत एरिका हॉफमन हिने आपल्या जुळ्यांना मेक्सिकोतल्या रेबोझो नावाच्या शालीत बांधले आणि १९७२ साली तशी कापडे विणून विकणारी 'डिडिमोस' ही कंपनी काढली. टोगो आणि मेक्सिको येथील कष्टकरी बायकांची ही विद्या युरोप-अमेरिकेची वारी करून, चकचकीत वेष्टनात, वाशीला आली आहे इतकेच.

वैद्यकशास्त्रानेही ती मोठ्या अडचणीतून शिकून घेतली. कोलंबियातील बोगोटा शहराच्या एका प्रसूतिगृहात १९७८ साली कमी वजनाच्या बाळांसाठी पेट्या पुरत नव्हत्या. डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी ती बाळे आयांच्या उघड्या छातीवर कापडाने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू मातृसेवा म्हणतात ती हीच. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाने ती स्वीकारली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या अंगावर ठेवलेल्या या नाजूक बाळांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले.

पण सुनेला बांधायचे कसे हे यांपैकी कोणी शिकविले नाही. वाशी स्टेशनजवळ, सेक्टर ३०-अ मध्ये, निरनिराळ्या राज्यांची अतिथिगृहे आहेत: केरळ, आसाम, मेघालय, मिझोराम. ईशान्येकडून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात कर्करोगाच्या उपचारांसाठी येणारी कुटुंबे तेथे उतरतात. सून तेथून चालली असता तिचे कापड सैल सुटले आणि ती फुटपाथवर थांबून गाठ शोधू लागली. समोरून एक मिझो आजीबाई येत होत्या, पाठीवर वर्षभराचे नातवंड. त्या थांबल्या. भाषा दोघींना एकमेकींची नव्हती. आजीबाईंनी आपले नातवंड आमच्या हाती दिले आणि आपले विणलेले पुआन हाती घेऊन प्रात्यक्षिक सुरू केले. कमरेत वाकायचे, बाळ पाठीवर पालथे घ्यायचे, कापड त्याच्या काखांखालून आणायचे, ढुंगणाखाली नीट खोचायचे, आणि उभे राहण्यापूर्वी, वाकलेले असतानाच, सगळा ढिलेपणा ओढून काढायचा. या शेवटच्या गोष्टीवर त्यांनी फार जोर दिला. सुनेच्या हातावर चापट मारून त्यांनी तिला पुन्हा वाकायला लावले. तीनदा. चौथ्या वेळी मान डोलावली. मुलाच्या आईविषयी आम्ही खुणेनेच विचारले. त्यांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवून केस गेल्याची खूण केली आणि खाडीपलीकडे, मुंबईच्या दिशेने बोट दाखविले. मग नातवंड परत घेतले, पाठीला बांधले आणि भाजीची पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

बांधताना काय सांभाळावे, हे आम्ही आता येथील नव्या आयांना न विचारता सांगतो. वयाचा तेवढा अधिकार आहे. बाळाचे तोंड सदैव दिसले पाहिजे. हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटांची जागा हवी, नाहीतर कोवळी श्वासनलिका दुमडते. आईने मान वाकवली की टाळूचा मुका घेता यावा इतके ते उंच असावे, आणि कापड गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत मांडीखाली यावे. पाठीवर घ्यायचे ते मान पक्की झाल्यावरच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये पिशवीसारख्या झोळ्यांविषयी इशारा दिला होता: २० वर्षांत निदान १४ बाळे दगावली, त्यांतली १२ चार महिन्यांच्या आतली. आपली खांद्यावरची झोळीही वाकून बंद झाली तर तीच अवस्था होते. उकळत्या तेलापुढे बाळ पुढे बांधून उभे राहू नये. स्कूटरवर तर हे कापड सुरक्षेचे साधन नव्हेच. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली जो सुरक्षापट्टा व शिरस्त्राण सांगितले, ते वेगळे. वाशीच्या दमट उन्हाळ्यात अंगाभोवती एकच घडी पुरे, आणि बाळाच्या अंगावर सुती झबले.

एवढे लिहून झाल्यावर लेखणी थांबवावीशी वाटत नाही, कारण याच वाशीत दुसरेही कापड रोज दिसते. नवे मनोरे उठत असतात, आणि मराठवाड्यातून, तेलंगणातून, तांड्यांवरून आलेल्या बायका घमेली वाहत असतात. त्यांची बाळे फाटक्या साडीच्या झोळीत, दोन टेकूंच्या मध्ये, सिमेंटच्या धुळीत झोपलेली असतात. झोळी टांगायला जागा नसेल तर पाठीला. सुनेच्या कापडाकडे पाहून कौतुकाने थांबणारी माणसे त्या पाठीकडे पाहून हळहळतात किंवा मान फिरवितात. आम्हांला वाटते, हळहळ करायचीच तर कापडाबद्दल करू नये. ती बाई बाळाला अंगाशी बांधते यात तिचे शहाणपण आहे. तिला डोक्यावर घमेले घेऊन परातीवर चढताना ते बांधावे लागते, हा अन्याय आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत 'मोबाईल क्रेशेस' सुरू केले ते अशाच बाळांना पाहून. मुंबईत हे काम १९७२ पासून चालत आले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघराची अट घातली होती. पण जेथे चाळीस बाया असत, तेथे काय? आणि पन्नास असताना मस्टरवर किती लिहिल्या जात, हे मुकादमच जाणे.

आमचा नातू आता धावतो. मध्यंतरी त्याला कापड दाखविले तर त्याने ते आपल्या अस्वलाला बांधावे असा हट्ट धरला. आजोबांनी बांधले, आणि गाठ अर्थातच सुटली. ते कापड सध्या तिसऱ्या घरी आहे. आधी सेक्टर नऊमधल्या एका मल्याळी आईकडे गेले, तेथून तिच्या बहिणीकडे कोपरखैरणेला, आणि गेल्या महिन्यात स्नानसंस्काराच्या दिवशी एका तरुण बापाने ते मागून घेतले. त्याची बायको रात्रपाळीची परिचारिका आहे. त्याला बांधायला शिकवायला सून दोनदा जाऊन आली. वाकलेले असतानाच ढिलेपणा ओढायचा, हे त्याला अजून साधत नाही.