काही नाही

निवृत्त माणसानं काहीतरी नवं शिकत राहावं, असं सगळे म्हणतात. म्हणणारे बहुधा निवृत्त झालेले नसतात. त्यांचं ऐकून आमच्या नातवानं मला पायथन शिकवायचं मनावर घेतलं. नाव ऐकूनच मी पाय वर घेतले. पण १९९१ साली ही भाषा जगापुढे आणणाऱ्या गिडो व्हान रॉसम या गृहस्थानं नाव अजगरावरून नव्हे, 'मॉन्टी पायथन' या विनोदी मंडळींवरून ठेवलं, हे कळलं आणि पाय पुन्हा जमिनीवर आले.

पडद्यावर तीन बाण उमटतात. म्हणजे 'बोला!' आपण एक ओळ लिहून एंटर दाबायचा. तो वाचतो, काम करतो, उत्तर दाखवतो, की पुन्हा तीन बाण. दोन अधिक तीन लिहिलं, पाच आले. मग मी ऐटीत लिहिलं, वय = ६८. काहीच नाही! नुसते बाण.

"बिघडलं की रे!"

"नाही आजोबा, त्यानं ते ठेवून घेतलं. ठेवायला दिलं की गप्प बसायचं, विचारलं की सांगायचं."

असा कारकून मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत भेटला नाही.

पुढे मी अवतरणचिन्हांत 'आजी' लिहिलं. आजी चिन्हांसकट परत आली. 'प्रिंट' करायला सांगितलं तेव्हा मात्र नुसती आली. नातू म्हणाला, नुसतं विचारलं की तो वस्तू मुळात काय आहे ते दाखवतो, म्हणजे पाच हा आकडा की पाच हे अक्षर, घोटाळा नको. प्रिंट म्हणजे चारचौघांत दाखवायचं रूप.

आणि मग आला 'नन'. नन म्हणजे 'काही नाही'. या भाषेत 'काही नाही' हीसुद्धा एक रीतसर वस्तू आहे! पण उत्तर 'नन' आलं तर हा पठ्ठ्या ते दाखवतच नाही. खोदून प्रिंट करायला लावलं, तरच छापतो. शिवाय शेवटचं उत्तर तो एका अधोरेषेच्या नावानं जपून ठेवतो; पण 'नन' आलं तर ते तिथं ठेवत नाही. त्याच्या आधीचं खरं उत्तर तसंच राहतं.

इथं मी थबकलो. कारण आमच्या घरात 'काही नाही' हे उत्तर दिवसातून दहादा येतं. परवा ही जिन्यात मध्येच बसली. "काय गं झालं?" "काही नाही." मी ते खरं मानून पेपर उघडला. आता अधोरेषेत पाहिलं. आठ दिवसांपूर्वीचं शेवटचं खरं उत्तर तिथंच पडून होतं : "अहो, हल्ली दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते."

संध्याकाळी तिला डॉक्टरकडे नेलं. वाटेत "मला काही झालेलं नाही" हे पाच वेळा छापून आलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन निघालं आठ. औषध सुरू झालं. आता जिना चढते, आणि वर पोचल्यावर मला बोलायलाही दम उरतो.

"दिवसभर त्या यंत्रापुढं काय शिकता हो एवढं?" काल तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.