यादीतील एक ओळ

विद्यानगरातील आमच्या घरी वडिलांनी घराण्याची वंशावळ तळहाताएवढ्या संगणकात नोंदविली होती. शार्पचा, लिनक्सवर चालणारा, २००२ सालचा तो झॉरस. मजकूर बिनतारी बाहेर काढावा म्हणून ब्लूटूथ कार्ड आणले. परंतु त्यासोबत लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता, आणि यंत्राला त्याची ओळख पटेना. पुढे उमगले, की हे कार्ड आतून साध्या सिरियल पोर्टासारखेच वागते. त्याचा ओळखक्रमांक यंत्राच्या यादीत लिहिला, पुढे सिरियल ड्रायव्हरचे नाव जोडले, आणि चार पिढ्या सुखरूप बाहेर आल्या. डेन्मार्क व नॉर्वे एका सत्तेखाली आणणाऱ्या दहाव्या शतकातील हाराल्ड राजाचे टोपणनाव या तंत्राला दिलेले आहे. तेलुगू-उर्दूच्या शेजारात मराठी जपणाऱ्या आपल्याला हे नवे नाही: परका वाटणारा पुष्कळदा ओळखीचीच भाषा बोलत असतो, यादीत त्याचे नाव लिहिणारा कोणी हवा.