उन्हाळ्यातले सिनेमे

ठाणे,
२४ जून २०२५

प्रिय ताई,

फोनवर तू विचारलंस, "एवढे पिक्चर बघतेस, त्यातला कुठला बघू तेवढं सांग." मी सांगायला लागले आणि तुझ्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. म्हणून आता निवांत लिहितेय.

आधी 'आता थांबायचं नाय'. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार दिवसभर काम करून रात्रशाळेत जातात आणि दहावीला बसतात, एवढीच गोष्ट, आणि तीही खरी घडलेली. ऐकल्यावर मला वाटलं होतं, आता दोन तास प्रेरणा पाजणार. थोडी पाजतातच, शेवटाकडे पार्श्वसंगीत 'रडा आता' असं सांगायला येतं. पण शिवराज वायचळने भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनाही आवरलंय, हे काम सोपं नाही. 'सही रे सही'मध्ये एकटा भरत जाधव चार-चार माणसं होऊन रंगमंचभर धावायचा. तोच माणूस इथे बाकावर बसतो आणि उत्तर न येण्याची लाज नुसत्या खांद्यांतून दाखवतो. ओम भुतकरचा मास्तरही छान, कुठेही देवमाणूस होत नाही. हा सिनेमा तू बघच.

'गुलकंद' त्याच दिवशी, १ मेला लागला. अजय देवगणचा 'रेड २'ही त्याच दिवशी. महाराष्ट्र दिनाची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते हे कळतं, पण दोन मराठी सिनेमांनी एकमेकांच्या पायात पाय घालायचे कशाला? असो. 'गुलकंद'मध्ये 'हास्यजत्रे'ची मंडळी आहेत, सचिन मोटेंचं लेखन, सचिन गोस्वामींचं दिग्दर्शन. हसू येतं, खोटं कशाला बोलू. समीर चौघुले तोंड उघडायच्या आधीच माझ्या शेजारच्या बाई खिदळत होत्या, आणि माझी तक्रार तिथेच आहे. प्रत्येक प्रसंग स्किटसारखा चढतो, टाळीची जागा येते, टाळी पडली की पुढचा प्रसंग. टीव्हीवर ते चालतं, कारण मध्ये जाहिरात येते. सिनेमात मात्र माणसं हशा ओसरायची वाट बघत उभी राहिल्यासारखी वाटतात. सई ताम्हणकर तेवढी सिनेमातली वाटते.

'रेड २'मध्ये आपला रितेश मातृभक्त खलनायक झालाय. तो पडद्यावर नसला की मी घड्याळ बघत होते.

'फुले' ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीलाच यायचा होता. आक्षेप आले, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले आणि तो २५ तारखेवर गेला. एवढा गदारोळ ऐकून गेले, तर सिनेमा अगदी सभ्य, शालेय पाठासारखा. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा मनापासून काम करतात, पण एकेक प्रसंग क्रमाने येतो आणि जातो. जोतिबांच्या लिहिण्यातला तिखटपणा, ती शेतकऱ्याच्या तोंडची रोखठोक भाषा, ती कुठेच सापडत नाही. आचार्य अत्र्यांनी १९५४ मध्ये 'महात्मा फुले' केला, त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. सत्तर वर्षांनी या माणसावर सिनेमा काढताना अजून धास्ती वाटावी, याचं मला सिनेमापेक्षा जास्त वाईट वाटलं.

'एप्रिल मे ९९'ची गंमत ऐक. नावात एप्रिल, विषय सुट्टीचा, आणि लागला २३ मेला! कोकणातली पोरं, सायकली, नव्व्याण्णवचा उन्हाळा. रोहन मापुस्करने पोरांकडून इतकं सहज काम करून घेतलंय की ती अभिनय करतात हेच विसरायला होतं. पण आम्हाला शो मिळाला सकाळी साडेनऊचा. त्या वेळी कुठली बाई घरातून निघेल? मग हेच लोक म्हणणार, मराठी सिनेमाला प्रेक्षक येत नाही. त्याच शुक्रवारी 'भूल चूक माफ' लागला, जो ९ मेला यायचा होता. आदल्या दिवशी तो थेट ओटीटीवर टाकायचं ठरलं, मग थिएटरवाले हायकोर्टात गेले आणि अखेर तो पडद्यावर आला. ही कोर्टाची गोष्ट सिनेमापेक्षा रंगतदार होती.

आता 'जारण'. ६ जूनला 'हाउसफुल ५'ही आला, दोन वेगवेगळ्या शेवटांचा. एक शेवट पाहिला, दुसऱ्यासाठी परत तिकीट काढायची माझी तयारी नाही. त्याच्या समोर 'जारण' टिकला, याचा मला आनंद आहे. हृषीकेश गुप्ते मुळात कादंबरीकार, भीतीच्या गोष्टी लिहिण्यात मुरलेले. त्यामुळे दचकवण्याची घाई नाही. करणी आहे की मनाचा आजार, हा प्रश्न ते शेवटपर्यंत ताणतात. अमृता सुभाष इथे अजिबात आवरून काम करत नाही, आणि वर भरत जाधवचं केलेलं कौतुक मला क्षणभर मागे घ्यावंसं वाटलं. ती फुटते, हसते, पुन्हा लहान मूल होते, आणि एकदाही 'बघा, मी कसं करतेय' असं वाटत नाही. अनिता दातेला तर तू ओळखणारच नाहीस. मालिकेतली आपली राधिका ती, नागपुरी बोलणारी! इथे तिच्या नुसत्या बघण्याने अंग शहारतं. काही जागी खुलासा जरा जास्त होतो, प्रेक्षकाला कळलंय यावर लेखकाचा विश्वास बसत नाही तसा. तरीही या उन्हाळ्यातला माझा पहिला नंबर हाच.

आमिरचा 'सितारे ज़मीन पर' शनिवारी पाहिला. मुलं गोड, आमिर नेहमीचा. टॉम क्रूझ म्हाताऱ्या वयात विमानाला लोंबकळतो तो पावणेतीन तासांचा सिनेमाही पाहिला. आमच्या ह्यांना आवडला, मी मधला एक तास झोपले.

इंदूरला 'जारण' लागला असेल तर दुपारचा शो धर. भाऊजींना नेऊ नकोस, ते सिनेमाभर 'पुढे काय होणार' सांगत बसतील आणि नेमकं चुकीचं सांगतील.

तुझी,
धाकटी