सारखेच दिसणारे दोन मदरबोर्ड आणि चार हजारांचा फरक

मंडळी, गेले पंधरा दिवस व्हिडिओ उशिरा येत होते, बऱ्याच जणांनी विचारलं. कारण घरगुती आहे. कॉम्प्युटर बदलत होतो. तयार घ्यायचा नव्हता, सुटे भाग आणून जोडायचा होता, आणि मदरबोर्डपाशी येऊन अडकलो.

जुना पीसी २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-५. खोटं कशाला बोलू, चांगला चालत होता. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एका पिढीने हुकलो. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय आहे, पण ते मरण पुढे ढकलणं झालं.

मनात आलं, आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर मिळवू आणि त्याच बोर्डवर बसवू. सॉकेटचं नाव तेच, ११५१. प्रोसेसर बसतोसुद्धा, पण चालू होत नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो आणि माझा बोर्ड १०० मालिकेतला. जास्त कोअरना वीज जास्त लागते, असं कारण तेव्हा दिलं गेलं. हौशी पोरांनी बायोसमध्ये खटपटी करून काही जुन्या बोर्डांवर तेच प्रोसेसर चालवून दाखवले ही गोष्ट वेगळी.

उलट उदाहरणही आहे. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं की पुढचे रायझन बी ४५० बोर्डावर चालणार नाहीत. लोकांनी असा काही गोंधळ घातला की त्याच महिन्यात कंपनीने शब्द फिरवला. पुढे २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही सपोर्ट मिळाला. म्हणजे कितीतरी चांगले बोर्ड भंगारात जायचे वाचले, ते ग्राहकांच्या आरडाओरड्यामुळे. आपल्याकडे नळाला पाणी नाही आलं तरी आपण टँकर मागवतो आणि गप्प बसतो, असो.

तर माझ्यापुढे दोन बोर्ड होते. एक एच ६१०, साडेसहा हजार. दुसरा बी ७६०, साडेदहा हजार. दोन्हींचं सॉकेट १७००, दोन्हींवर बाराव्या पिढीचा आय-५ १२४०० आरामात चालतो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, काही फरक नाही. चार हजारात एसएसडी येईल तुमची."

तो अगदीच खोटं बोलत नव्हता. वापरताना वेगात फरक जाणवणार नाही. एच ६१० वर एसएसडीचा स्लॉट जेन ३ चा, बी ७६० वर जेन ४ चा. आपल्या मोबाईलच्या व्हिडिओला त्याने काही होत नाही. बाकी पोर्ट कमी-जास्त.

माझं अडलं रॅमवर. जुन्या पीसीतल्या आठ जीबीच्या दोन डीडीआर-४ पट्ट्या माझ्याकडे आहेत. एच ६१० ला स्लॉटच दोन. उद्या ३२ जीबी करायची म्हटली की आहेत त्या दोन्ही काढून नव्या घ्या. निवडलेल्या बी ७६० ला चार स्लॉट आहेत, जुन्या राहू देऊन आणखी दोन लावता येतात. (सगळ्या बी ७६० ना चार नसतात, मोजून घ्या.) रॅमचे भाव सध्या काय झालेत ते विचारून बघा दुकानात, मग हे चार हजार कुठे वसूल होतात ते कळेल. आणखी एक, त्याच नावाचा बोर्ड डीडीआर-४ चा वेगळा आणि डीडीआर-५ चा वेगळा येतो. खोक्यावर शेवटी बारीक "डी-४" एवढाच फरक. चुकलात तर खाच जुळत नाही, पट्टी बसणारच नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग सॉकेटच्या बाजूला असतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. मी पाहिलेल्या एच ६१० वर ते उघडेच होते, बी ७६० वर ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. १२४०० ला तेवढी गरज नाही हे मान्य. पण खान्देशातला मे महिना, पत्र्याची खोली आणि वीस मिनिटांचं रेंडरिंग. मी ठोकळ्याच्या बाजूने.

ज्यांच्याकडे जुनी रॅम नाही त्यांनी माझं ऐकू नका. १७०० सॉकेटचा रस्ता चौदाव्या पिढीला संपला, पुढचं सॉकेट वेगळं आहे. कोऱ्या पाटीवर सुरुवात असेल तर एएमडीचं एएम-५ बघा, निदान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू असं कंपनीने सांगितलंय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हाच बोर्ड चारशे रुपयांनी स्वस्त होता. तरी गावातच घेतला, कारण मागे एकदा पोळलोय. तेव्हाचा बोर्ड तिसऱ्या वर्षी गेला, वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरला पाठवला, महिन्याने परत आला, सोबत चिठ्ठी, "सॉकेटची पिन वाकलेली, वॉरंटी लागू नाही." पिन कुणी वाकवली? मी, दुकानाने, कुरिअरने की त्यांनीच? पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून नुकसान माझं. या वेळी काउंटरवरच खोकं उघडायला लावलं, सॉकेटचा जवळून फोटो काढला, सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला. दुकानदार थोडा नाराज झाला, होऊ दे. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. हेल्पलाईन १९१५.

हे सगळं इथे लिहायचं कारण वेगळंच. मध्यंतरी एका सरकारी कार्यालयाच्या कॉम्प्युटर खरेदीचे कागद हाती आले. प्रोसेसर आय-५, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. आणि मदरबोर्डपुढे एकच शब्द, "कंपॅटिबल". कितव्या पिढीचा आय-५? लिहिलेलं नाही. आय-५ तर माझाही होता, २०१७ चा. चिपसेट नाही, रॅमचे स्लॉट किती ते नाही, वॉरंटी जागेवर की आपण खोकं घेऊन हिंडायचं, तेही नाही. तीन कोटेशन मात्र नियमाप्रमाणे जोडलेली. मी स्वतःच्या चार हजारांसाठी पंधरा दिवस डोकं खाजवलं, तिथे वीस मशीन एका शब्दावर मंजूर.

तुमच्या गावातल्या शाळेसाठी, अभ्यासिकेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी अशी खरेदी झाली असेल तर त्या कोटेशनमधल्या मदरबोर्डच्या ओळीचा फोटो मला इनबॉक्स करा. नाव गुप्त राहील. आणि नवा बोर्ड घेतलाच, तर सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका. वॉरंटीला बोर्ड परत पाठवताना ते लागतं. माझं बिलासकट टीव्हीमागच्या बिस्किटाच्या डब्यात आहे.