वाण जगवायचं तर खाणारा पाहिजे

आज जरा शेताबाहेरचं लिहितोय, पण विषय शेवटी बांधावरच येतो.

इटलीत नेपल्सच्या उत्तरेला, कासेर्ता प्रांतात, कायात्सो नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे. तिथलं पेपे घराणं पिठात हात घातलेलं. आजोबा पाव भाजायचे, वडील स्तेफानो पिझ्झा करायचे. नातू फ्रांको पेपे यांनी घरच्या दुकानातून बाहेर पडून 2012 साली गावातल्याच एका जुन्या वाड्यात 'पेपे इन ग्रानी' सुरू केलं. आज त्या आडगावात लांबलांबून लोक पिझ्झा खायला येतात.

पीठ अजून हातानंच मळतात, लाकडी काठवटीत. पाणी किती घालायचं ते हवेचा दमटपणा बघून आणि हाताला लागेल तसं. आपल्याकडं भाकरीच्या पिठाला कोण माप लावतं? तसंच ते.

त्या भागात पूर्वी आजच्या मळलेल्या पिठाचा एक गोळा मागं ठेवून उद्याचं पीठ आंबवायचे. आपलं विरजणच म्हणा. त्याला 'क्रिशीतो' म्हणतात. त्यात रानटी यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू दोन्ही असतात. यीस्टमुळं पीठ फुगतं, जिवाणूंमुळं आंबूस चव येते. हल्ली यालाच सावरडो म्हणतात.

पण मला धरून ठेवलं ते टोमॅटोनं. नेहमीच्या मार्गारिता पिझ्झ्यावर टोमॅटो आधी घालून भाजतात. पेपेंनी उलटं केलं. म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज घालून भाजायचं आणि भट्टीतून काढल्यावर वर न शिजवलेल्या टोमॅटोच्या आणि तुळशीच्या जातीतल्या बेसिलच्या रसाच्या रेघा ओढायच्या. नाव ठेवलं 'चुकलेली मार्गारिता'.

आता बघा, भट्टीत शिजून गेला तर कुठलाही टोमॅटो खपून जातो. कच्चा घातला की वाणाची चव उघडी पडते. म्हणून त्यांना गावचाच, रेघारेघांचा 'रिच्चो' टोमॅटो लागतो. कृषितज्ज्ञाला सोबत घेऊन, आसपासच्या शेतकऱ्यांना धरून त्यांनी तो परत लावता केला. आलिफेचा कांदा, कायात्सोचं ऑलिव्ह तेलही जवळपासचंच. म्हणजे एका भट्टीनं शिवारातल्या पिकांना गिऱ्हाईक दिलं.

आमच्या आईनं जपलेला एक गावठी टोमॅटो आहे. रेघांचा, आंबट, पातळ सालीचा. बाजारात क्रेट नेला की व्यापारी हातात न घेताच म्हणतो, "वाकडा माल चालत नाही." भाऊ म्हणतो, ओळी काढ, संकरित लाव. त्याचंही चूक नाही, पातळ सालीचा माल गाडीत टिकत नाही आणि घर पैशावर चालतं.

तरी यंदा दोन ओळी ठेवल्या. बाजारात न नेता तालुक्याच्या एका खानावळीत दिल्या. मालकिणीनं चटणी करून बघितली आणि म्हणाली, "दादा, आठवड्याला दहा किलो आणत जा." दहा किलोत संसार होत नाही, पण बी जिवंत राहतं. आणि तिथं आकार कुणी विचारत नाही.

खपलीवाल्यांसाठीही एक गोष्ट. इटलीत ज्याला 'फार्रो' म्हणतात त्यात आपली खपली येते. तिचं ग्लुटेन कमजोर असतं, त्यामुळं नुसत्या खपलीचं पीठ पावासारखं फुगत नाही, ताणलं की फाटतं. बेकरीवाला गिऱ्हाईक आला तर आधीच सांगा, दुसऱ्या गव्हात मिसळून वापरा म्हणून. नाहीतर एकदा नेऊन परत यायचा नाही.

बियाणं डब्यात जपून वाण काही वर्षं टिकतो. शेतात टिकायला तो कुणाच्या तरी ताटात जावा लागतो.

तुमच्या बांधावर असा कुठला वाण आहे? आणि तो कोण खातंय? खाली लिहा, बी लागलं तर देवाणघेवाण करू.